लाल शाईतली आई

मंडळाच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग जुन्या खळीचा आंबूस वास. कन्नड मुलखातल्या आमच्या केशवापुरातली पंचवीस-तीस मराठी घरं मिळून हे मंडळ चालवायची. आता त्यातली निम्मीही घरं उरली नाहीत, कपाट मात्र आहे तिथंच आहे. हल्लीचा चिटणीस शिरीष माझ्या धाकट्या भावाच्या वर्गातला. त्यानं खालच्या कप्प्यातून कापडी बांधणीचं एक बाड काढलं, त्यावर फुंकर मारली आणि माझ्यापुढं ठेवलं.

"अक्का, गुरुवारी स्कॅनिंगवाला येतोय. सगळी हस्तलिखितं कॉम्प्युटरवर चढवून सोडायची आहेत," तो म्हणाला. "ह्या एका अंकातली लाल शाई बघा, पार उडून गेलीय. अक्षर तुमचंच आहे. तेवढे शब्द गिरवून दिलात तर बरं होईल की."

लाल शाईची नवी बाटलीसुद्धा त्यानं आणून ठेवली होती.

ते कुठलं पान असणार हे बाड उघडायच्या आधीच मला ठाऊक होतं. तीस वर्षांहून जास्त काळ मी त्या पानावर डूख धरून आहे.

आमचं हस्तलिखित वर्षातून एकदा निघायचं. एकच प्रत. ज्याला जे सुचेल ते त्यानं लिहून द्यायचं, चांगलं अक्षर असेल त्यानं ते जाड पांढऱ्या कागदावर उतरवायचं, आणि मंडळाच्या वर्धापनदिनी, रविवारच्या दुपारी, सगळ्यांनी जमून ते वाचायचं. नव्वद सालच्या आगेमागे ते चांगलं अक्षर माझं होतं. मी दहावीत होते. शाळेतून आले की पाटावर कागद पसरून बसायची. पेन्सिलीच्या फिक्या रेघा, तिरप्या कापलेल्या निबची करकर, दौतीच्या काठावर सुकलेली शाई, बाहेर कडुनिंबाखाली रिक्षावाल्यांच्या कन्नड गप्पा आणि शेजारच्या रेडिओवरच्या बातम्या. त्या महिन्यात माझ्या मधल्या बोटाला जो काळा घट्टा पडायचा तो मी मैत्रिणींना मुद्दाम दाखवायची.

अंकाचे संपादक वकीलसाहेब. आमच्याच गल्लीत, वरच्या अंगाला त्यांचं घर. मंडळाचे अध्यक्षही तेच, आणि विनोदी गोष्टी लिहिण्यात त्यांचा हातखंडा आहे असं सगळे म्हणत, म्हणून मीही म्हणायची. बोलायचे अगदी हळू. पक्षकार त्यांच्या ओसरीवर मान पुढं काढून बसायचे, कारण एक शब्द निसटला तर पुन्हा विचारायची कुणाची छाती नव्हती. माझ्याशीही ते तसंच बोलत. "हे बघ बाळ, पात्र ओरडलं की अक्षरानं ओरडलं पाहिजे. साधं म्हणणं काळ्या शाईत. ओरडणं लाल शाईत, दुप्पट उंचीचं, पुढं तीन उद्गारचिन्हं. वाचणाऱ्याच्या कानात शिरलं पाहिजे."

मला हे फार आवडलं होतं. वकीलसाहेबांनी शिकवलेली उद्गारचिन्हं मी वर जाड आणि खाली निमुळती काढायची, गदेसारखी. ओरडणं काढण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं मला मनापासून वाटायचं.

आणि खरं ओरडणं तर माझ्या घरातच होतं.

आई अळणावरची. तिचे वडील लाकडाच्या गिरणीत मेस्त्री होते आणि घर गिरणीच्या आवारातच होतं. सकाळी आठला करवत सुरू व्हायची ती संध्याकाळी थांबायची. त्या घरात मीठ मागायचं तरी करवतीच्या वरच्या आवाजात मागावं लागे. सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा ओल्या सागवानाचा वास फलाटापर्यंत यायचा, आणि गाडी थांबायच्या आधीच दारात उभी राहून आई आजोबांना हाक मारायची. इंजिनाची धडधड ओलांडून ती हाक पोचायची आणि फलाटाच्या टोकाला आजोबांचं पांढरं मुंडासं वळायचं. गल्लीतही ती तशीच बोलायची. आम्ही मुलं मैदानावर खेळत असलो की गच्चीवरून तिची एक हाक यायची, "जेवायला या रे," आणि त्या "या"वर ती इतका वेळ राहायची की आमची चप्पल शोधून, घालून, निम्मी वाट चालून झालेली असायची. पुढं आयुष्यात मी ती हाक कागदावर लिहायचा कितीदा प्रयत्न केला. अक्षरापुढं अवग्रह काढले, अक्षरं लांबवली, ओळ चढत चढत नेली. ती जमली नाही.

आमच्याकडं पाचव्या-सहाव्या दिवशी नळाला पाणी यायचं. पाणी येण्याच्या सकाळी गल्ली जागी होण्याची तऱ्हा वेगळी. आधी कुणाच्या तरी नळाची खोकल्यासारखी उबळ, मग एका घरातून दुसऱ्या घरात जाणारी आरोळी, "नीर बंदावरी," पाणी आलं हो. मग घागरी, पिंपं, चिंचेनं घासलेले हंडे, बादल्यांच्या कड्या. सगळ्या अंगणांतून ओल्या दगडाचा वास. त्या सकाळी नुसती हवा आली की वकीलसाहेबांनी नळाला मोटर लावली हे न सांगता कळायचं. गल्ली उताराची, त्यांचं घर वर, आणि त्यांच्या अंगणात ती हिरवी मोटर घरघरत असायची. सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं. माझे वडील, अप्पा, तेही बोलत नव्हते.

त्या उन्हाळ्यात लागोपाठ तिसऱ्या खेपेला आमच्या नळातून हवाच आली तेव्हा आई घागर घेऊन वर गेली आणि त्यांच्या फाटकाशी उभी राहिली. मी मागं होते. मोटर चालू होती. आईनं गिरणीतल्यासारखा आवाज चढवला आणि म्हटलं, "वकीलसाहेब, मोटर बंद करा. आमच्याही घरात माणसं राहतात."

ती हे म्हणत असतानाच वीज गेली. मोटर थांबली, आणि "माणसं राहतात" एवढे दोन शब्द त्या अचानक पडलेल्या शांततेत अख्ख्या गल्लीला ऐकू गेले. खिडक्या उघडल्या. ओसरीवरचे दोन पक्षकार मान खाली घालून हसले. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून आईकडं पाहिलं. आम्ही घरी आलो तेव्हा नळाला धार लागली होती. दोन घागरी भरल्या. आई तेव्हा गुणगुणत होती, ते मला आठवतं.

पुढचं सांगताना मला अजून माझाच राग येतो.

त्या वर्षी वकीलसाहेबांची गोष्ट माझ्याकडं सगळ्यात शेवटी आली. गोष्टीचं नाव "आमच्या गल्लीतला भोंगा". आमची काम करायची पद्धत अशी होती की आधी सगळा काळा मजकूर उतरवायचा आणि लाल शब्दांच्या जागा मोकळ्या सोडायच्या. लाल शाई लवकर वाळत नसे, हात लागला की पसरत असे. म्हणून लाल शब्द एका वेगळ्या चिठ्ठीवर असायचे, आणि सगळा अंक झाल्यावर एका बैठकीत ते भरायचे. त्यामुळं मी गोष्ट सलग वाचलीच नाही. आज काळा मजकूर, चार दिवसांनी चिठ्ठीवरचे लाल शब्द. उतरवून काढणारी माणसं वाक्य वाचत नाहीत, वेलांटीची वळणं बघतात. आपल्याला काही कळलंच नाही, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. पण काळ्या मजकुरात गोष्टीतल्या नायिकेच्या, भोंगाबाईंच्या, दोन्ही नाकपुड्यांत चमक्या होत्या, आणि आमच्या गल्लीत तशा चमक्या फक्त माझ्या आईच्या नाकात होत्या. "चमक्या" हा शब्द उतरवताना माझं निब क्षणभर अडलं होतं. मग मी पुढं गेले, कारण त्या पानाची वेलबुट्टी फार सुरेख जमून आली होती.

वर्धापनदिनाला मंडळाच्या खोलीत सतरंज्या अंथरलेल्या होत्या. बायकांनी घमेलंभर गिरमिट कालवलं होतं. चुरमुऱ्यांचा, कच्च्या कांद्याचा आणि चिंचगुळाच्या पाण्याचा वास, बाहेर तळल्या जाणाऱ्या मिरच्यांचा ठसका. आई चौथ्या रांगेत बसली होती, वाढायला उठायला बरं म्हणून कडेला. वकीलसाहेब गोष्ट वाचायला उभे राहिले. काळा मजकूर त्यांनी नेहमीच्या हळू आवाजात वाचला. भोंगाबाईंनी पदर खोचला आणि त्या कडाडल्या, इथं ते थांबले आणि त्यांनी पान लोकांकडं वळवून सगळ्यांना दाखवलं. माझी लाल अक्षरं. दुप्पट उंचीची, गदांसकट. मग ते ओरडले. मंडळात त्यांना ओरडताना कुणी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून लोक आधीच हसायला लागले होते.

"मेल्या, मुडदा बशिवला तुझा, बंद कर ती मोटार!!!"

लोक हसून लोळले. माझे अप्पाही हसले, कारण सगळे हसत होते. मी आईकडं पाहिलं. ती पानाकडं पाहत होती. माझं अक्षर तिला लांबूनही ओळखू येत असे, माझ्या पाटीवर पहिलं अक्षर तिनंच काढलं होतं. गोष्ट संपल्यावर ती उठली आणि तिनं सगळ्यांना गिरमिट वाढलं. वकीलसाहेबांनाही वाढलं. "फार बारीक चिरलाय कांदा, छान," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैदानावर आम्हाला हाक आली नाही. एक वेगळाच आवाज आला, टिंग टिंग टिंग. गच्चीच्या कठड्यावर आई स्टीलची वाटी चमच्यानं वाजवत होती. "काय झालं गं?" मी घरी येऊन विचारलं. "घसा बसलाय," ती म्हणाली. तो घसा बारा वर्षं बसलेला होता.

घरातले सगळे आवाज तेव्हापासून मला फार ऐकू यायला लागले. फोडणीचा, पंख्याचा, भिंतीवरच्या घड्याळाचा. भाजीवाल्याला थांबवायचं तर आई मला धाडायची. अळणावरहून मामाचा फोन आला की ती इतकं हळू बोलायची की पलीकडून मामा ओरडायचा, "हेळ ना, जरा मोठ्यानं हेळ, सांग की नीट." अळणावरला गाडी शिरताना ती दारात जायची नाही. आजोबा फलाटाच्या टोकाला दुसऱ्याच डब्याकडं बघत उभे राहायचे. आणि अप्पा एकदा जेवताना म्हणाले, "घर कसं शांत झालंय बघ." त्या घासाला मी ताटावरून उठले.

हस्तलिखिताचं काम मी सोडलं आणि सूड घ्यायचं ठरवलं. मला दुसरं हत्यार चालवता येत नव्हतं, म्हणून मी गोष्ट लिहायला घेतली. एक वही केली आणि तीत ओरडण्याचे सगळे शब्द गोळा केले. गरजला, डाफरला, खेकसला, किंचाळला, बोंबलला. हे सगळे वकीलसाहेबांना लावायचे होते. पुढं मी नवनगरच्या एका शाळेत शिकवायला लागले. बसमध्ये जाता-येता ती वही मांडीवर असायची. मी त्यांना मोटरीपुढं नाचवलं, त्यांची कवळी पडली, ते पानभर लाल शाईत ओरडले. पण कितीही ओरडवलं तरी तो माणूस उभा राहीना. वाचताना एखादा सोंगाड्या दिसायचा, वकीलसाहेब नाही. कारण त्यांना आयुष्यात ओरडायची गरजच पडली नव्हती. त्यांनी हळू बोलायचं आणि दुसऱ्यांनी मान पुढं काढायची, हाच त्यांचा आरडाओरडा होता. हे लक्षात यायला मला किती वर्षं लागली, याची मला लाज वाटते.

दोन हजार साल उलटल्यावर कधीतरी मी ती गोष्ट आईला वाचून दाखवली. ती मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हा माणूस एवढा ओरडालाय कशाला?"

"तुझा सूड म्हणून," मी म्हटलं.

"मी तरी कुठं ओरडले होते त्यांच्यावर? मोटर चालू होती म्हणून आवाज चढवला. करवत चालू असली की चढवायचा तसा." तिनं एक काडी मोडली. "आणि मी त्यांना मेल्या म्हटलं नव्हतं. वकीलसाहेब म्हटलं होतं. तेवढं नीट लिहून सोड."

एवढंच तिला हवं होतं. बारा वर्षं ती ते धरून बसली होती. मी रात्रीची वाट न बघता तिथंच बसून सगळं गरजणं-डाफरणं खोडून टाकलं. गोष्टीत एक फाटक राहिलं, एक मोटर राहिली, घागर घेतलेली एक बाई राहिली. आणि तिचं वाक्य, साधं, काळं, शेवटी एक टिंब.

ती गोष्ट मी मंडळाच्या वर्धापनदिनाला वाचली. वकीलसाहेब पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. आता त्यांना ऐकू कमी येत होतं आणि कानाचं यंत्र लावायला ते तयार नव्हते. आई चौथ्या रांगेत, कडेला. मी त्या वाक्यापाशी आले आणि मुद्दाम आवाज उतरवला. त्यांनी मान पुढं काढली.

"ऐकू येत नाही," वकीलसाहेब म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. ते चांगले ओरडले होते. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

मी ते वाक्य आणखी हळू वाचलं.

"अगं, मोठ्यानं वाच की." त्यांचा आवाज फाटला. आता बरेच जण हसले. त्यांनी वळून मागं पाहिलं, कोण हसतंय ते त्यांना कळेना. मी तिसऱ्यांदा नुसते ओठ हलवले. हे मी प्रांजळपणे सांगते, कारण मला त्याचा पश्चात्ताप नाही. एका म्हाताऱ्याला मान ताणून बसलेलं बघताना मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

तेवढ्यात चौथ्या रांगेतून आवाज आला.

"वकीलसाहेब, मोटर बंद करा. आमच्याही घरात माणसं राहतात."

आई उभीसुद्धा राहिली नव्हती. गिरमिटाचं घमेलं मांडीशी धरून ती बसल्या जागेवरून बोलली होती, आणि तो आवाज खोलीच्या भिंतींना लागून परत आला. कपाटाचा पत्रा थरथरला. हसणं थांबलं. अप्पा जमिनीकडं बघत राहिले. वकीलसाहेबांनी हात कानाशी नेला आणि तसाच ठेवला.

"ऐकलं," ते म्हणाले. पुन्हा त्यांच्या जुन्या हळू आवाजात.

आईनं माझ्याकडं बघून मान हलवली, म्हणजे पुढं वाच. मी पुढं वाचलं. तिनं त्यांना क्षमा केली की नाही, मला माहीत नाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भाजीवाल्याला गच्चीवरून हाक मारली, कोपऱ्यावर पोचलेला तो गाडा घेऊन माघारी आला. वाटी मात्र पुढंही वाजत राहिली. वकीलसाहेब दोन वर्षांनी गेले, तेव्हा मी भेटायला गेले नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली. आता वाटी माझ्याकडं आहे, चमच्याच्या माराचे पोचे पडलेली. नळाला हल्ली बरं पाणी येतं.

शिरीषनं ट्यूबलाइट लावली. मी ते पान उघडलं. काळी शाई कालच्यासारखी होती, माझी वेलबुट्टीही. लाल शाई खरंच उडाली होती. मेल्या गेला होता, मुडदा गेला होता, गदा गेल्या होत्या. पानाच्या मधोमध दोन ओळींच्या उंचीची मोकळी जागा पडली होती, कागद थोडा पिवळा, बाकी काही नाही. तिच्या वर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, "भोंगाबाईंनी पदर खोचला आणि त्या कडाडल्या." आणि तिच्या खाली, "हे शब्द ऐकून वकील असा टरकला, की त्याच्या हातातला चहा कपासकट खाली पडला."

"लाल नको," मी शिरीषला म्हटलं. "काळी दे."

त्यानं काळी दिली. तिरपं निब अजून हातात वळतं. मी पेन्सिलीची रेघ मारली, घरात बोलतात तेवढ्याच उंचीची. तिच्यावर आईचं वाक्य लिहिलं आणि शेवटी टिंब दिलं. आजूबाजूला पुष्कळ जागा उरली. शिरीषनं वाकून वरची ओळ वाचली, मधली वाचली, खालची वाचली. मग पुन्हा मधली वाचली.

"अक्का, मूळ गोष्टीत असं होतं?"

"मूळ असंच होतं," मी म्हटलं आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं ठेवलं.